एका पोथीशेजारीं दुसरी पोथी

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीचा वृत्तांत, धर्मगुरूंची नामावलि आणि देणगीदारांचे आभार हें सर्व असावयाचेंच, आणि तें योग्यहि आहे. परंतु जेथें जेथें देऊळ उभें राहिलें तेथें बहुधा त्याच्या सावलींत शाळाहि उभी राहिली. आणि शाळेचा इतिहास म्हणजे केवळ खोल्यांचा व पटसंख्येचा इतिहास नव्हे. मुलाला वाचतां येऊं लागलें म्हणजे नेमकें काय येऊं लागलें, हाहि इतिहासाचाच प्रश्न आहे. त्याविषयीं जुन्या ग्रंथांच्या चरित्रांतून जें कांहीं हातीं लागतें तें हरसूल व आसपासच्या पाड्यांतील वाचकांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

चौथी-पांचवींतील एखादा मुलगा धडा घडाघडा वाचून दाखवितो. उच्चार स्पष्ट, विरामचिन्हेंहि सांभाळलेलीं. नंतर "बाळ, काय वाचलेंस?" असें विचारलें म्हणजे तो पहिलेंच वाक्य पुन्हां म्हणतो, किंवा मान खालीं घालून उभा राहतो. शिक्षक ह्याला आळस म्हणतात, पालक नशीब म्हणतात. हीं दोन्ही निदानें बहुतेक वेळां चुकीचीं असतात. अक्षर डोळ्यांनीं वाचलें जातें. अर्थ मात्र आधीं ऐकलेल्या, वाचलेल्या व पाहिलेल्या गोष्टींच्या आधारानें लागतो. तो आधार मुलापाशीं असतोच, पण धड्याशीं त्याची गांठ कोणी घालून दिलेली नसते. नवा पाठ समजावयाचा तर त्याच्या शेजारीं एक ओळखीचा पाठ ठेवावा लागतो, आणि दोहोंत सारखें काय व वेगळें काय हें मुलाच्याच तोंडून वदवावें लागतें. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ही रीत हल्लीं नवीं नांवें घेऊन येते. मराठी भाषेंत ती सातशें वर्षांहून जुनी आहे.

तिचा एक उगम तर आपल्या तालुक्याच्या ठिकाणाशींच जोडलेला आहे. त्र्यंबकेश्वर येथें निवृत्तिनाथांची समाधि आहे. त्या गुरुबंधूंच्या आज्ञेवरून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवासें येथें गीतेवर ओवीबद्ध टीका सांगितली. मूळ श्लोक सातशें, त्यांवर ओव्या सुमारें नऊ हजार. श्लोकांतील एका शब्दासाठीं ओवींत माउली येते, नदी येते, दिवा येतो, शेत येतें. ऐकणारा संस्कृत जाणत नसला तरी दिवा आणि शेत जाणतो, आणि त्या ओळखीच्या वाटेनें अनोळखी श्लोकापर्यंत जाऊन पोंचतो. पुढें शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, पैठणच्या एकनाथांनीं ह्याच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती समोर ठेवून, पाठ ताडून, एक शुद्ध प्रत सिद्ध केली. तीहि दोन पोथ्या शेजारीं ठेवून वाचण्याचीच क्रिया, फक्त ती पंडिताची.

एकनाथ पैठणास हें काम पुरें करीत होते त्यापूर्वीं पांच वर्षें एक इंग्रज तरुण गोव्याच्या बंदरांत उतरला होता. आमचा मुख्य विषय तो आहे.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म सुमारें १५४९ मध्यें इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यांत झाला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथॉलिक मनुष्यास मोकळेपणानें राहणें कठीण होतें. ते रोमला गेले आणि तेथें १५७५ मध्यें येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें जहाज त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला गोव्यास लागलें. त्यानंतर १६१९ मध्यें मरण येईपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, ते ह्याच भूमींत राहिले. आणि त्यांतील बहुतेक काळ सासष्टी महालांत गेला. १५८३ मध्यें आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत ते इकडील भाषांविषयीं सांगतात कीं, ह्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे. युरोपांतील पंडितांनीं ह्याच गोष्टीचा शास्त्र म्हणून अभ्यास आरंभिला तो त्यानंतर दोनशें वर्षांनीं. येथेंहि मनुष्य तोच दिसतो: एक भाषा दिसली कीं तिच्या शेजारीं दुसरी ठेवून पाहणारा.

ही संवय त्यांस कोठून लागली हें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. येशूसंघाच्या शाळांत पाठ घेण्याची एक ठरलेली रीत होती. ती पुढें १५९९ मध्यें 'रॅशिओ स्टुडिओरम' ह्या नियमग्रंथांत कायम झाली. गुरूनें उतारा प्रथम सबंध वाचावयाचा, त्याचा मतलब थोडक्यांत सांगावयाचा, मग वाक्यें उकलावयाचीं, आणि वरच्या वर्गांत दुसऱ्या ग्रंथकारांचे मिळतेजुळते उतारे आणून मुलांपुढें ठेवावयाचे. ख्रिस्तसभेंत ही दृष्टि त्याहूनहि जुनी. तिसऱ्या शतकांत ओरिजेन ह्या पंडितानें जुन्या कराराचे पाठ सहा रकान्यांत शेजारीं शेजारीं लिहवून घेतले. चौथ्या शतकांत युसेबियस ह्यानें चार शुभवर्तमानांतील समान प्रसंग कोठें कोठें आले आहेत हें दाखविणारीं दहा कोष्टकें तयार केलीं. दुसऱ्या शतकांतच तेशियन नांवाच्या गृहस्थानें चारहि शुभवर्तमानें विणून एक सलग चरित्र केलें होतें आणि सुरियाच्या देशांत तें कित्येक पिढ्या वाचलेंहि जाई. तरी ख्रिस्तसभेनें शेवटीं तें एक न ठेवतां चार ठेवलीं. ह्या निर्णयाचें महत्त्व वाचन शिकविणाऱ्यास विशेष वाटावें. चार पाठ असले म्हणजे वाचणाऱ्यास प्रश्न पडतात. एकच असला म्हणजे तो पाठ करतो.

आतां सासष्टींतील परिस्थिति पाहूं. लोकांची घरांतील बोली कोंकणी. परंतु कथा-पुराणांची, म्हणजे पोथीची भाषा मराठी. हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे, कारण पुढें हरसूलच्या संबंधांत तें पुन्हां येणार आहे. स्टीफन्स ह्यांनीं ह्या दोहोंपैकीं एकीचीच निवड केली नाहीं. मुलांसाठीं त्यांनीं धर्मसिद्धांताची प्रश्नोत्तरी घरच्या बोलींत, कोंकणींत, रचली. गुरु व शिष्य ह्यांच्या संवादरूपानें असलेलें हें लहान पुस्तक त्यांच्या मागें १६२२ मध्यें छापलें गेलें. आणि मोठा ग्रंथ, जो आज ख्रिस्तपुराण ह्या नांवानें प्रसिद्ध आहे, तो त्यांनीं मराठी ओवींत लिहिला. त्यांत कोंकणी शब्दहि मोकळेपणानें येऊं दिले. विषय दोहोंत एकच. घरच्या बोलींतील प्रश्नोत्तर ज्याला तोंडपाठ आहे अशा मुलाच्या कानीं पोथीच्या भाषेंतील ओवी पडली म्हणजे त्याला ती परकी वाटत नसे, कारण तिचें हाड त्याच्या ओळखीचें होतें. व्याकरणाचा ग्रंथहि त्यांनीं केला. तो दिओगु रिबैरु ह्यांनीं वाढवून १६४० मध्यें प्रसिद्ध झाला. पण व्याकरण पाद्र्यांसाठीं होतें. मुलांसाठीं हीं दोन पुस्तकें.

पुराण लिहिण्याचें निमित्त ग्रंथांतच सांगितलें आहे. पाद्री मुलांना सिद्धांत शिकवीत असतां एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पुढें होऊन विनवितो कीं, तुम्ही शिकवितां तें उत्तम. परंतु आमचीं जुनीं पुराणें तर गेलीं, मग तशींच दुसरीं आम्हांस कां करून देत नाहीं? ह्या एका विनंतींत वाचनाविषयींचें मोठें शहाणपण आहे. त्या गृहस्थास सिद्धांत कळत नव्हता असें नव्हे. त्याला सिद्धांताशेजारीं ठेवण्यास कथा हवी होती, आणि ती ज्या चालींत त्याचे कान वाढले त्या चालींत हवी होती.

पाद्रीबाबांनीं ती मागणी मान्य केली. ग्रंथाचे दोन भाग. पहिल्यांत जुन्या कराराची कथा, छत्तीस अवस्वर. दुसऱ्यांत येशू ख्रिस्ताचें चरित्र, एकोणसाठ अवस्वर. मिळून सुमारें अकरा हजार ओव्या. प्रसंग बायबलांतील, पण घाट पुराणाचा: आरंभीं नमन, मध्यें मध्यें श्रोत्यांचे प्रश्न, त्यांस वक्त्याचीं उत्तरें. स्वर्गाला वैकुंठ म्हटलें आहे. क्रूस, बाप्तिस्मा असे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. म्हणजे जेथें जुनी कल्पना नव्या अर्थाजवळ पोंचूं शकेल तेथें तिला पाचारण केलें, आणि जेथें ती पोंचूं शकत नाहीं तेथें परका शब्दच बरा म्हणून घेतला. ही निवड शब्दाशब्दाला करणें हें काम किती कष्टाचें आहे हें कोणाहि भाषांतरकारास विचारावें. ग्रंथारंभीं मराठी भाषेची जी स्तुति आहे ती आज शाळकरी मुलांनाहि ठाऊक असते. तिच्यांत व ज्ञानेश्वरांच्या भाषाभिमानांत अभ्यासकांस नातें दिसतें, आणि ओवीच्या वळणांतहि तें दिसतें.

हें सर्व छापलें गेलें तें मात्र रोमन लिपींत. गोव्यास छापखाना १५५६ मध्येंच आला होता, पण देशी अक्षरांचे खिळे नव्हते. स्टीफन्स ह्यांनीं १६०८ मध्यें रोमला येशूसंघाच्या प्रमुखांकडे पत्र धाडून इकडील लिपींत पुस्तक छापण्याची अनुज्ञा मागितली. अक्षरें जोडाक्षरांसह सहाशेंच्या घरांत जातात, तीं दोनशेंवर आणतां येतील, असा हिशेबहि त्यांत दिला. तो बेत सिद्धीस गेला नाहीं. १६१६ मध्यें रायतूर येथें पहिली आवृत्ति रोमन अक्षरांत निघाली. पुढें १६४९ व १६५४ मध्यें आणखी दोन. ह्या तिन्हींपैकीं एकाहि आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु सासष्टीच्या देवळांतून रविवारीं व सणावारीं मिस्सेनंतर हें पुराण वाचलें जाई आणि लोक तें आवडीनें ऐकत, असें त्या काळच्या पत्रव्यवहारावरून दिसतें. ज्यांना अक्षर येत नव्हतें तेहि अशा रीतीनें त्या ग्रंथाचे वाचक झाले.

येथपर्यंत हकीकत गोड आहे. पुढची तशी नाहीं, आणि ज्युबिलीच्या पुस्तकांत ती गाळावी असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या ब्राह्मणानें जुनीं पुराणें गेलीं असें म्हटलें, तीं आपण होऊन गेलीं नव्हतीं. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीज सत्तेखालीं देवळें पाडलीं गेलीं, घरांतून मराठी व कोंकणी पोथ्या हुडकून जप्त केल्या गेल्या, कित्येक अग्नीच्या स्वाधीन झाल्या. १५६० मध्यें धर्मन्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यास आल्यावर जुनी पोथी घरीं ठेवणें नव्या ख्रिस्ती कुटुंबास धोक्याचें होऊन बसलें. गंमत म्हणावी कीं खेद म्हणावा, ह्याच पोथ्यांतील कांहीं मजकूर आज शिल्लक आहे तो येशूसंघीयांनीं भाषेच्या अभ्यासासाठीं रोमन अक्षरांत उतरून घेतला म्हणून. पोर्तुगालच्या ब्रागा शहरांतील सार्वजनिक ग्रंथालयांत हीं हस्तलिखितें आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कथा कोंकणी गद्यांत आहेत, मराठी पद्यहि आहे. आपले अ. का. प्रियोळकर ह्यांनीं त्यांचा अभ्यास करून तीं मराठी वाचकांच्या दृष्टीस आणलीं.

ह्याचा अर्थ असा कीं, शिकविणाऱ्याच्या मेजावर दोन पोथ्या होत्या आणि शिकणाऱ्याच्या हातीं एकच राहूं दिली होती. स्टीफन्स ह्यांची ओवी इतकी जिवंत झाली ती त्यांनीं स्वतः दुसरी पोथी वाचली, ऐकली, मनांत मुरविली म्हणून. त्यांच्या पहिल्या श्रोत्यांच्या कानांतहि ती दुसरी पोथी अजून घुमत होती. वैकुंठ हा शब्द ऐकतांच त्यांच्या मनांत एक चित्र उभें राही, आणि तें चित्र कोठें जुळतें व कोठें मोडतें हें पाहतां पाहतां नवी कथा उमगे. परंतु त्यांच्या नातवंडांच्या कानांत काय उरलें असेल? जुनी कथा कोणी सांगत नाहीं, सांगण्याची मनाई. अशा पिढीला तोच शब्द केवळ एक शब्द. नव्या पाठाला ज्या जुन्याचा टेकू दिला होता तो काढून घेतल्यावर नवा पाठहि लंगडूं लागतो. हा दोष ग्रंथाचा नव्हे, राज्यकर्त्यांचा व त्यांना साथ देणाऱ्या धर्माधिकाऱ्यांचा होता, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुढें २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्यांनीं फर्मान काढून, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावी असा हुकूम केला. मग तर पोथीची भाषाहि परकी, घरची बोलीहि अपराधी. १६५४ नंतर गोव्यांत ह्या पुराणाची आवृत्ति निघाली नाहीं ह्यांत नवल कसलें?

तें जगलें तें गोव्याबाहेर. गोव्याहून कानड्यांत जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं ह्याच्या हातच्या प्रती नेल्या, पुन्हां पुन्हां उतरल्या आणि घरोघर वाचल्या. १७८४ मध्यें टिपू सुलतानानें ह्या लोकांस श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें. १७९९ पर्यंतच्या त्या बंदिवासांत ह्या पुराणाच्या ओव्यांनीं त्यांस धीर दिला, अशी त्यांच्यांत परंपरा आहे. तेथील जोसेफ सालढाणा ह्यांनीं हस्तलिखितें जमवून १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींत आवृत्ति छापली. नंतर १९२० च्या सुमारास महाराष्ट्रांतील संतवाङ्मयाचे भाषांतरकार जस्टिन ॲबट ह्यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहांत ह्या ग्रंथाचें देवनागरी हस्तलिखित आढळलें; आणि १९५६ मध्यें शांताराम बंडेलू ह्यांनीं पुण्यास संपूर्ण ग्रंथ देवनागरींत प्रसिद्ध केला. म्हणजे १६०८ मधील पत्रांतली इच्छा पुरी व्हावयास साडेतीनशें वर्षें लागलीं.

आपल्या नाशिक जिल्ह्यांतहि ह्या रीतीचें एक उदाहरण आहे, तें प्रॉटेस्टंट पंथांतील असलें तरी येथें सांगितलेंच पाहिजे. नारायण वामन टिळक हे लहानपणीं नाशिकास गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशीं संस्कृत शिकले. १८९५ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या अभंगांनीं आपणांस ख्रिस्ताकडे आणिलें अशी त्यांची स्वतःची साक्ष होती. त्यांनीं ख्रिस्तायन नांवाचा ओवीबद्ध ग्रंथ आरंभिला आणि सुमारें दहा अध्याय करून १९१९ मध्यें ते निवर्तले. पुढचा बहुतेक सर्व ग्रंथ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं लिहिला. ह्या बाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेंत जाऊन शिकण्याचा योग त्यांस आला नाहीं. अक्षरें त्या लग्नानंतर पतीपाशीं गिरवूं लागल्या. तरी साठांहून अधिक अध्याय ओवींत लिहिण्याइतकी भाषा त्यांच्यापाशीं आली कोठून? त्या काळच्या मराठी घरांतून, श्रीधराच्या हरिविजय-पांडवप्रतापाच्या वाचनांतून, जात्यावरच्या ओव्यांतून. कोणत्याहि मराठी वाड्यांत चातुर्मासांत पोथी लागे. वाचणारा एक, अर्थ सांगणारा बहुधा दुसरा, आणि अर्थ सांगतां सांगतां तो दहा ठिकाणच्या कथा आणून जोडी. ज्या बायकांस अक्षर येत नसे त्याहि ती जोडणी कानानें शिकत. लक्ष्मीबाईंनीं स्मृतिचित्रे लिहिलीं तीं वाचतांना, पुस्तकी शिक्षण उशिरां मिळालेल्या माणसाची समज किती खोल असूं शकते हें पानोपानीं प्रत्ययास येतें.

आतां हरसूलकडे वळूं. येथील मुलांच्या घरची बोली बहुधा कोकणा, कोठें वारली, कोठें महादेव कोळ्यांची. (कोकणा ही बोली आणि गोव्याची कोंकणी ह्यांच्या नांवांत साम्य असलें तरी त्या एक नव्हेत, बाहेरून आलेले शिक्षक ह्यांत नेहमीं घोंटाळा करतात.) शाळेची, पोथीची, कचेरीची भाषा मराठी. म्हणजे चारशें वर्षांपूर्वीं सासष्टींत जी स्थिति होती तीच: घरांत एक, पुस्तकांत दुसरी. आणि प्रश्नहि तोच कीं, शिक्षकानें दोन्ही मेजावर ठेवावयाच्या कीं एकच.

येथील मुलाच्या घरीं पुस्तक नसेल, पण पाठ नाहींत असें कोणी म्हणूं नये. कांशाच्या थाळींत मेणानें काडी बसवून, ती बोटांनीं ओढून निघणाऱ्या त्या अखंड सुरावर रात्ररात्र कथा सांगणारी मंडळी ह्या भागांत आहेत. त्या कथेंत राम-सीता आहेत, पांडव आहेत, सृष्टीची उत्पत्ति आहे, धान्याची माउली कणसरी आहे. पलीकडे डांगांतील कोकणा समाजाची रामकथा तर लिहून घेऊन ग्रंथरूपानें प्रसिद्धहि झाली आहे. बोहाड्यांत मुखवटे घालून देव-दानव नाचतात, तेव्हां प्रत्येक सोंगामागें एक कथा असते व ती मुलांना ठाऊक असते. हें सगळें त्या मुलानें 'वाचलेलेंच' आहे, फक्त डोळ्यांऐवजीं कानांनीं. पाठ्यपुस्तकांतील रामाचा धडा आला कीं शिक्षकानें विचारावें, 'तुमच्याकडे हें कसें सांगतात?' उत्तरें वेगवेगळीं येतील. त्या वेगळेपणाला चूक म्हणून पुसून टाकलें तर त्या मुलाच्या बाबतींत १६८४ चें फर्मान पुन्हां निघालें असेंच समजावें.

शुभवर्तमानाच्या तासाला तर ही रीत फारच सोपी जाते. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. तो मत्तय, मार्क व लूक ह्या तिघांनीं दिला आहे. योहानानें दिलेला नाहीं. मुलांचे तीन गट करावेत, एकेका गटास एकेक शुभवर्तमान द्यावें. मत्तयांत पीक शंभरपट, साठपट, तीसपट अशा उतरत्या क्रमानें आहे. मार्कांत तीस, साठ, शंभर असें चढत्या. लूकांत केवळ शंभरपट. वाटेवरचें बी पाखरांनीं खाल्लें हें तिघेहि सांगतात, पण तें आधीं पायांखालीं तुडविलें गेलें हें लूकच सांगतो. खडकावरचें रोप मत्तय व मार्क ह्यांच्या मतें मातीला खोली नव्हती म्हणून ऊन लागतांच करपलें. लूक म्हणतो, ओलावा नव्हता म्हणून वाळलें. दहा-बारा वर्षांच्या मुलांस हे भेद आपण होऊन सांपडतात, आणि सांपडल्यावर तीं पुस्तकांत इतकीं खालीं वाकून पाहूं लागतात कीं त्यांस उठवावें लागतें.

मग चौथा पाठ म्हणजे घरचें शेत. ह्या डोंगरांत नागली किंवा वरई कोणी मूठमूठ फेकून रानभर पेरीत नाहीं. उन्हाळ्यांत पालापाचोळा, गोंवऱ्या, काटक्या पसरून राब भाजावयाचा, पाऊस पडला कीं त्या भाजलेल्या जमिनींत बी टाकावयाचें, रोप बोटभर-वीतभर झालें कीं उपटून त्याची आवणी करावयाची. एक दाणा वाटेवर पडला तर आजी ओरडते. तेव्हां हरसूलच्या मुलाला दाखला वाचून पहिला प्रश्न पडतो तो हा: हा शेतकरी वाटेवर आणि खडकावर बी टाकतोच कां? त्याला काय वेड लागलें आहे? पुस्तकी मुलास हा प्रश्न सुचत नाहीं. ज्याला सुचला तो मुलगा दाखल्याच्या मर्मावर येऊन उभा राहिला. कारण पालेस्ताइनांतील शेतकरी हातानें बी फेकून पेरीत असे, दगड, कांटे, पायवाट हीं सर्व त्याच रानांत मिसळलेलीं असत, आणि हात आंखडता न घेतां पेरणाऱ्याचें चित्र तेथेंच उभें राहतें. आपल्या राबाची आठवण नसती तर तें चित्र त्याला दिसलेंच नसतें.

पांचवा पाठ कणसरीची कथा. ती सांगण्यास बहुधा शिक्षक असमर्थ असतो. मुलाच्या आजीस किंवा थाळीवाल्या बाबांस शाळेंत बोलवावें लागतें. त्यांनीं आपल्या बोलींत सांगावी, मुलांनीं ती मराठींत लिहून काढावी, आणि शब्द अडला कीं तो बोलीचाच ठेवावा, जसा स्टीफन्स ह्यांनीं क्रूस हा शब्द ठेवला. अशा वह्या शाळेच्या कपाटांत जमूं लागल्या म्हणजे पुढल्या वर्षीच्या मुलांना वाचावयास एक पुस्तक आयतेंच होतें, आणि तें त्यांना कळतेंहि.

वेळेचाहि विचार करावा. आवणीच्या दिवसांत, जून सरतां सरतां आणि जुलैंत, येथील वर्ग निम्मे ओस पडतात आणि हजेरीपटावर फुल्या पडत जातात. मुलें खोटें बोलून घरीं बसलेलीं नसतात. चिखलांत गुडघाभर उभीं असतात. हा धडा त्यानंतरच्या आठवड्यांत घ्यावा. हातांना रोपांचा वास तेव्हां अजून असतो, आणि कोणत्या मुठींतलें रोप जगलें व कोणत्या बांधावरचें सुकलें हें प्रत्येकाला सांगावयाचें असतें.